बोर्डिंग पासवरची चार अक्षरं

अमेरिकेला जाणाऱ्या काही प्रवाशांच्या बोर्डिंग पासवर इंग्रजीतला एस सलग चार वेळा छापलेला असतो. ज्यांच्या वाट्याला तो कधी आला नाही, त्यांचं त्याकडे लक्षही जाणार नाही. माझ्या पासवर तो वर्षानुवर्षं येत होता. या प्रवाशाची सगळ्यांपेक्षा वेगळी, जादा तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. कोणी ठरवलं आणि कशावरून ठरवलं, हे त्या कागदावर नसतं. पास हातात देणाऱ्या काउंटरवरच्या मुलीलाही ते ठाऊक नसतं.

मी चिपळूण तालुक्यातला, कोकणी मुसलमान. शाळा मराठी माध्यमाची, पुढचं शिक्षण पुण्यात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मोठे पंप बनतात. ते परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे बसवून, चालू करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे टेक्सास, ओहायो, लुइझियाना या भागांत माझं जाणं-येणं असायचं. पासपोर्टवर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. माझं आणि वडिलांचं, दोन्ही नावं अशी, की मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत त्या जोडीची हजारो माणसं निघतील.

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला काहीच कळलं नाही. घरून ऑनलाइन चेक-इन होईना. ‘काउंटरवर संपर्क साधा’ एवढंच येत राहिलं. मध्यरात्री मुंबई विमानतळावर पोचलो. बरोबरच्या सहकाऱ्याचा पास दोन मिनिटांत झाला. माझा पासपोर्ट मशीनमध्ये घातल्यावर मुलगी थबकली, “सर, एक मिनिट हं” म्हणाली आणि तिने फोन उचलला. फोनवर माझं नाव, जन्मतारीख, नंबर, सगळं सावकाश वाचून दाखवलं. मग सुपरवायझर आला. तो पासपोर्ट घेऊन आत गेला. मागची रांग खोळंबली, मागून कुजबुज ऐकू यायला लागली. बऱ्याच वेळाने पास मिळाला, त्यावर ती चार अक्षरं होती.

विमानाच्या दाराजवळ एक टेबल मांडलं होतं. बाकीचे प्रवासी रांगेने आत जात होते आणि जाता जाता माझ्याकडे पाहत होते. तपासणीला जो मुलगा होता, तो बोलण्यावरून साताऱ्याकडचा वाटला. “काका, बूट काढा ना जरा,” म्हणाला. आवाजात संकोच होता. त्याने बुटांचे तळवे दाबून पाहिले. बॅगेतली प्रत्येक वस्तू टेबलावर काढली. लॅपटॉप चालू करायला लावला, फोन चालू करायला लावला, दाढीचं मशीनसुद्धा चालवून पाहिलं. ह्यूस्टनला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्यासाठी अम्मीने कुळथाचं पीठ बांधून दिलं होतं. मोठ्या बॅगेचं वजन जास्त भरत होतं म्हणून ती पुडी हातातल्या बॅगेत आली होती. त्याने पुडीचा दोरा सोडला, वास घेतला आणि म्हणाला, “पिठी करायचं पीठ ना हे? आमच्याकडेपण असतं.” तरी त्याला ते पीठ पट्टीने पुसून यंत्रात घालावंच लागलं. दोरा पुन्हा बांधताना पीठ टेबलावर सांडलं, ते त्याने हातानेच गोळा केलं. “लिस्टमध्ये नाव आलं की करावंच लागतं, काका. राग मानू नका,” म्हणाला. मी राग मानला नाही. तो त्याचं काम करत होता, आणि माझ्याविषयी जो काही संशय होता त्याची त्याला माझ्याइतकीच माहिती होती.

नंतर हे नेहमीचंच झालं. परतीच्या प्रवासात अमेरिकेतल्या विमानतळांवर काचेच्या आडोशात उभं करायचे. हातमोजे घातलेला कर्मचारी आधी सांगायचा, आता मी तुमच्या पाठीवरून हात फिरवणार, आता कमरेच्या पट्ट्याच्या आतून बोटं फिरवणार, नाजूक जागी हाताची मागची बाजू लावणार. आधी सांगतात ही पद्धत चांगलीच आहे. पण ऐकताना अंग आक्रसतं. एकदा तळहातावरून फिरवलेली पट्टी यंत्रात घातली आणि यंत्र वाजलं. थंडीने हात फुटत होते म्हणून मी क्रीम लावलं होतं. त्यातल्या ग्लिसरीनमुळेही स्फोटकं हुडकणारं हे यंत्र फसू शकतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र आणखी दोघं आले, मला खोलीत नेलं, दार लावलं, आणि सगळी झडती पुन्हा पहिल्यापासून झाली. खोलीबाहेर माझं सामान उघडं पडलं होतं आणि ते कोणी उचलेल का, हीच धास्ती त्या अर्ध्या तासात मला सगळ्यात जास्त होती.

अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनच्या काउंटरवरून ज्या खोलीत नेतात, ती याहून अवघड. ओळीने खुर्च्या, भिंतीवर फोन वापरू नये अशी पाटी. कोणाला केव्हा बोलावतील याचा नेम नाही. तिथे माझ्यासारखे बरेच असायचे. लहान मूल घेतलेली बाई, इंग्रजी न येणारे म्हातारे आजोबा, परीक्षेला उशीर होईल म्हणून घड्याळाकडे पाहणारा विद्यार्थी. बोलायला बंदी नसते, पण कोणी कोणाशी बोलत नाही. ज्याला पुढे सोडलं तो मान खाली घालून निघून जातो. मला विचारायचे, वडिलांचं गाव कोणतं, भाऊ किती, ते काय करतात, नमाजाला कुठे जाता, गिऱ्हाइकाचं नाव काय, तिकिटाचे पैसे कोणी भरले. मी उत्तरं द्यायचो. पुढच्या वेळी हेच सगळं पुन्हा विचारायचे.

एकदा फोन उघडून मागितला. अधिकारी समोर बसून एकेक फोटो बोटाने सरकवत होता. बहिणीच्या लग्नातले हळदीचे फोटो होते. अंगणात बसलेली माझी बहीण, चुलत्या, माम्या, हळदीने माखलेले चेहरे, घरच्या बायका घरच्यासारख्या बसलेल्या. तो ते पाहत होता आणि मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. मग मराठीतले मेसेज निघाले. ही कुठली भाषा, त्याने विचारलं. मी सांगितलं. अरबी नाही ना, त्याने पुन्हा विचारलं. फोन परत मिळाला, माणूस सभ्यपणे वागला, आवाज एकदाही चढला नाही. पण माझ्या बहिणीला, चुलत्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांचे चेहरे त्या टेबलावर गेले ते माझ्यामुळे, असं मला वाटत राहिलं. घरी मी हे आजवर सांगितलेलं नाही.

त्या दिवशी पुढचं विमान चुकलं. सहकारी थांबला होता. मी फोन लागल्याबरोबर सांगितलं, “अरे, तू पुढे व्हायचंस.” तो म्हणाला, “तुला सोडून काय जाऊ? तिथे जाऊन पंप काय मी एकटा चालू करणार?” आम्ही दुसऱ्या दिवशी साइटवर पोचलो. गिऱ्हाइकाची माणसं आदल्या दिवसापासून ताटकळली होती. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर वरिष्ठांनी एक दिवस बोलावलं आणि अगदी आपुलकीने म्हणाले, “या वेळी दुसऱ्या कोणाला तरी पाठवू. तुम्हालाच उगाच त्रास.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तिकडची कामं माझ्या हातून गेली ती तेव्हापासून. कुठलाही आरोप नाही, नोटीस नाही, चौकशीचा कागद नाही, आणि तरी माणसाच्या पोटावर पाय येतो, तो असा.

त्या काळात माझ्यात काय काय बदललं, तेही सांगायला हवं. दाढी बारीक झाली. जपाची तसबीह मोठ्या बॅगेत गेली. विमानात उर्दू मासिक उघडायचं मी सोडलं. विमान सुटताना प्रवासाची दुआ ओठ न हलवता मनात म्हणायला लागलो. खिडकीतून फोटो काढणं बंद केलं. लघवीला दोनदा उठावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचो. अम्मीचा फोन विमानात बसल्यावर आला तर मराठीत, मोठ्याने आणि थोडक्यात बोलायचो, म्हणजे शेजाऱ्याला काही वेगळं वाटायला नको. हे कोणी मला सांगितलं नव्हतं. आपल्यावर नजर आहे, हे एकदा मनाने घेतलं की माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो.

त्यात माझ्या मनाचे खेळ किती, असंही कधीकधी वाटायचं. मग जुलै २०१८ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने बातमी छापली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा ‘क्वाएट स्काइज’ नावाचा एक कार्यक्रम कित्येक वर्षं चालू होता. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप नाही, जे कुठल्या दहशतवादी यादीत नाहीत, अशा प्रवाशांना प्रवासाच्या माहितीवरून निवडायचं आणि साध्या वेशातल्या सशस्त्र एअर मार्शलनी विमानात त्यांच्यावर पाळत ठेवायची. काय टिपायचं याची यादीच होती. प्रवासी झोपला का, स्वच्छतागृहात गेला का, घाम आला का, चुळबुळ करतो का, टक लावून पाहतो का, विमानतळावर कपडे बदलले का, दाढी केली का. मी पाणी कमी पीत होतो आणि तिकडे कोण कितीदा उठलं याच्या नोंदी होत होत्या. त्या वर्षी काही महिन्यांत जवळपास ५,००० अमेरिकी नागरिकांवर अशी नजर ठेवली गेली होती आणि त्यातला एकही पुढे तपास करावा असा निघाला नव्हता, असं अधिकाऱ्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधींना सांगितल्याचंही पुढच्याच महिन्यात छापून आलं. २०२० मध्ये गृहसुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी या कार्यक्रमाच्या आखणीवर आणि देखरेखीवर ताशेरे ओढले. जून २०२५ मध्ये तो बंद केला, तेव्हा सरकारनेच सांगितलं की त्यावर वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर जात होते आणि त्यातून एकही हल्ला रोखला गेला नाही.

माझ्या वाट्याला आलं ते थोडक्यात निभावलं, हे मी जाणून आहे. मलेशियाच्या रहीना इब्राहिम स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होत्या. जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्या व्हीलचेअरवर होत्या, बरोबर चौदा वर्षांची मुलगी होती. मुलीसमोर त्यांना बेड्या घातल्या. त्या कोर्टात गेल्या. सरकार म्हणत राहिलं, हे गोपनीय आहे. नऊ वर्षांनी, २०१४ मध्ये, न्यायाधीश विल्यम आल्सप यांनी निकाल दिला तेव्हा कळलं की एफबीआयच्या एका माणसाने फॉर्म भरताना खुणा उलट्या चौकोनांत केल्या होत्या. पेनाची एक खूण चुकली एवढंच. पण ती चूक आहे हे कबूल करून घ्यायला एका प्राध्यापक बाईची नऊ वर्षं गेली, आणि आपल्याच खटल्याला हजर राहायला त्यांना अमेरिकेत येऊ दिलं नाही.

कॅनडाचे इंजिनियर माहेर अरार सप्टेंबर २००२ मध्ये न्यूयॉर्कला फक्त विमान बदलत होते. त्यांना पकडलं आणि घरी कॅनडाला पाठवायच्या ऐवजी सीरियाला पाठवलं. तिथे जवळजवळ वर्षभर कोठडी आणि छळ. कॅनडाच्या चौकशी आयोगाने २००६ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं, पुढच्या वर्षी पंतप्रधानांनी माफी मागितली आणि सरकारने १ कोटी ५ लाख डॉलर भरपाई दिली.

आपल्या मुंबईच्या माणसांचंच उदाहरण पाहा. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेल्या विमानातले काही भारतीय प्रवासी मोबाइल एकमेकांकडे देत-घेत होते, पट्टे सोडून उठत होते. त्याच महिन्यात लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघड झाला होता, सगळे धास्तावलेले होते. विमान परत फिरवलं, बरोबर लढाऊ विमानं आली, आणि बारा जणांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी डच अधिकाऱ्यांनी काहीही आढळलं नाही म्हणून सगळ्यांना सोडलं. आपल्या ओळखीच्यांबरोबर विमानात बसल्यावर आपण जसे वागतो तसेच ते वागत होते. माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलामांची एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत, सूट असतानाही, रांगेत झडती झाली. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला ते विमानात बसल्यावर त्यांचं जॅकेट आणि बूट तपासायला नेले. अमेरिकेने दिलगिरी व्यक्त केली. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडींना नावाच्या साम्यावरून विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं गेलं होतं, हे त्यांनी स्वतः २००४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं. केनेडी थेट गृहसुरक्षा खात्याच्या प्रमुखाशी बोलू शकले. चिपळूणच्या माणसाने कोणाला फोन करायचा?

कोणी म्हणेल, मग काय तपासणीच नको? असं म्हणणारा मी शेवटचा माणूस असेन. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर बॉम्बने उडवलं, ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता ती व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती आणि तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. त्या हत्याकांडानंतर, प्रवासी बसला नाही तर त्याची बॅगही जाणार नाही, हा नियम जगभर पक्का होत गेला. त्या नियमाने कोणाचीही मान खाली जात नाही, कारण तो सगळ्यांना सारखा आहे आणि तो वस्तू पाहतो. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर आपल्याकडे विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे आली. त्यांच्यासमोरच्या छोट्या चौथऱ्यावर चढून, दोन्ही हात पसरून मी शेकडो लोकांसारखाच उभा राहतो. माझ्या पुढे बँकेचा मॅनेजर असतो, मागे नवी नवरी असते. त्या तपासणीचं मला कधी दुःख झालं नाही. उलट विमानात बसताना बरं वाटतं.

आणि यादीवर विसंबून काय साधतं, तेही २००९ च्या नाताळात दिसलं. अंतर्वस्त्रात स्फोटकं लपवून एक तरुण ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटच्या विमानात बसला. त्याच्या वडिलांनी महिनाभर आधी स्वतः अमेरिकी दूतावासात जाऊन मुलाविषयी सावध केलं होतं. त्याचं नाव एका मोठ्या माहितीसाठ्यात पडून होतं, पण विमानात चढू न देण्याच्या यादीत ते पोचलं नव्हतं. स्फोटकं नीट पेटली नाहीत आणि सहप्रवाशांनी झडप घातली म्हणून विमान वाचलं. ११ सप्टेंबर २००१ ला त्या यादीत १६ नावं होती. २०१९ सालची एक प्रत २०२३ मध्ये फुटली, त्यात टोपणनावं आणि वेगवेगळी स्पेलिंग धरून १५ लाखांहून जास्त नोंदी होत्या. यादी एवढी फुगली की खऱ्या धोक्याच्या माणसाला तीत लपायला जागा मिळते आणि निरपराध माणसाला बाहेर पडायला वाट मिळत नाही.

मी यातून वाट काढायची ठरवली ती मुलीमुळे. मावसभावाकडे लग्न होतं म्हणून सगळे निघालो होतो. दाराजवळच्या टेबलाशी मला बाजूला घेतलं. ती तेव्हा सातवीत होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या लोकांकडे आणि विचारलं, “अब्बा, तुम्ही काय केलं?” का घेतलं, असं तिने विचारलं नव्हतं. काही केलं असणार हे तिने गृहीत धरलं होतं. बायकोने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, “काही नाही गं, नावाची गडबड आहे.” पण मुलीच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिचं समाधान झालेलं नाही. सरकार, यंत्रणा, ज्यांच्यावर मुलांनी भरवसा ठेवावा असं आपण शिकवतो, त्यांनी आपल्या बापाला वेगळं काढलं की मूल आधी बापावर संशय घेतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

परत आल्यावर अर्ज केला. अशा प्रवाशांसाठी अमेरिकी सरकारची तक्रार निवारणाची एक सोय आहे. ऑनलाइन फॉर्म, पासपोर्टची प्रत, कुठे काय घडलं याची हकिकत. अर्ज केल्यावर एक क्रमांक मिळतो आणि तो पुढच्या प्रत्येक तिकिटात घालायचा असतो. काही महिन्यांनी पत्र आलं. भाषा अत्यंत नम्र. आवश्यक त्या नोंदी तपासल्या आणि जरूर तिथे दुरुस्त केल्या, एवढं त्यात होतं. माझं नाव कुठल्या यादीत होतं का, होतं तर का, चूक कोणाची, यातलं काही आम्ही मान्यही करू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही, हेही होतं. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला उत्तर काय लिहायचं? जो आरोप कधी केलाच नाही, त्याचा खुलासा कसा करायचा?

क्रमांकाचा उपयोग मात्र झाला. २०१० पासून अमेरिकेच्या विमानांसाठी पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग आधीच कळवावं लागतं, त्याला या क्रमांकाची जोड मिळाली की नावाच्या साम्याचा घोळ पुष्कळ कमी होतो. माझ्या पासवर ती अक्षरं आता क्वचितच येतात. म्हणून तिकडे शिकायला निघालेल्या ओळखीच्या मुलामुलींना मी आवर्जून सांगतो. असं घडलं तर बोर्डिंग पासची प्रत ठेवा, तारीख-वेळ लिहून ठेवा, अर्ज करा, क्रमांक मिळवा. गप्प बसू नका आणि शरमू तर अजिबात नका. तुमच्याबरोबरच्या कोणाला बाजूला घेतलं तर त्याच्यासाठी थांबा. माझा सहकारी थांबला, त्याचं मोल मला कुठल्याही माफीपत्रापेक्षा जास्त आहे.

तिकडच्या कोर्टांनीही हळूहळू दार किलकिलं केलं आहे. २०१४ मध्ये ओरेगनच्या न्यायाधीश ॲना ब्राउन यांनी ठरवलं की विमानबंदीच्या यादीविरुद्ध दाद मागायची तेव्हाची पद्धत घटनेत बसत नाही. त्यानंतर अमेरिकी नागरिकांना निदान आपण यादीत आहोत की नाही हे कळू लागलं. आमच्यासारख्या परदेशी प्रवाशांना ते आजही कळत नाही.

आपल्याकडची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे. भारतातही विमानबंदीची यादी आहे, २०१७ पासून. ती मुख्यतः विमानात दांडगाई करणाऱ्यांसाठी आहे. पण त्यासाठी आधी समिती बसते, तिचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतो, ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, शिक्षेची मुदत वर्तनाच्या पायरीवर ठरते, आणि उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपील करता येतं. विमानात मारामारी करणाऱ्याला एवढी सुनावणी मिळते. काहीच न केलेल्याला ती का मिळू नये? याउलट आपल्याच देशातल्या लुकआउट सर्क्युलरची, म्हणजे माणसाला देशाबाहेर जाताना अडवण्याच्या आदेशाची, गत अमेरिकेच्या यादीसारखी आहे. ज्याच्या नावाने ते निघालं त्याला बहुतेक वेळा इमिग्रेशनच्या काउंटरवरच पहिल्यांदा कळतं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी बँकांना कर्जदारांविरुद्ध अशी सर्क्युलर मागण्याचा दिलेला अधिकार रद्द केला. आता आपल्या विमानतळांवर डिजियात्रेचे कॅमेरे चेहऱ्यावरून ओळख पटवतात. सोय मोठी आहे, रांग वाचते. पण यंत्राने चेहरा चुकीचा जुळवला तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रवाशाला तिथल्या तिथे कळायला हवं.

माझं मागणं फार मोठं नाही. संशय घ्यायचा अधिकार सरकारला आहे, विमानात तीनशे जीव असतात. पण ज्याच्यावर संशय घेतला त्याला ठरावीक मुदतीत तो सांगावा, सगळा तपशील नाही तरी उत्तर देता येईल इतका. त्याचं उत्तर तपास यंत्रणेच्या बाहेरच्या कोणा न्यायाधीशाने ऐकावं. चूक निघाली तर तसं लेखी द्यावं, म्हणजे माणूस ते आपल्या साहेबाला दाखवू शकेल आणि आपल्या मुलीला वाचून दाखवू शकेल. एवढं झालं तर जादा तपासणीच्या टेबलावर मी माझी बॅग स्वतःहून उघडून ठेवीन.